सोमवारचं रक्त

‘गार्डियनशिप काढायची आहे’ असं म्हणत जी कुटुंबं येतात, त्यांना मी आधी विचारते, कोणता कागद अडलाय? ‘कोणताच नाही’ असं उत्तर क्वचितच मिळतं. वडील गेल्यावर पेन्शन अडलेली असते, आईच्या नावची एफडी मोडता येत नसते, गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या भावाची सही हवी असते. आजार पंचवीस-तीस वर्षांचा जुना, गोळ्या चालू, बरं-वाईट चाललेलं असतं आणि इतक्या वर्षांत कोणाला पालक नेमावासा वाटलेला नसतो. मग एक दिवस कागद येतो. पुण्यात अलीकडे तो बहुधा बिल्डरचा असतो.

मी मनोविकारांच्या क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती आहे. डॉक्टर, घरचे, वकील, लॅबवाला, डबा देणाऱ्या ताई यांना एकमेकांची खबर लागेल असं बघणं हे माझं काम. त्याला इंग्रजीत भारदस्त पदनाम आहे. प्रत्यक्षात मी दिवसभर फोन करते. इथे ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मामा साठीच्या आसपासचे. स्किझोफ्रेनिया विशीत सुरू झाला. बाकीच्या औषधांनी फरक पडेना तेव्हा डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केलं आणि मामांच्या डोक्यातले आवाज पुष्कळसे मावळले. अगदी गेले नाहीत. ‘आता शेजारच्या घरातला रेडिओ लागल्यासारखे ऐकू येतात,’ असं ते सांगतात. आई गेली, मग वडील गेले. वडिलांनी जाण्याआधी कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट मामांच्या एकट्याच्या नावावर करून ठेवला. पोराला कोणी घराबाहेर काढू नये हा हेतू. त्या काळात असा विचार करणारे वडील मी फार पाहिले नाहीत. मामांच्या बहिणीनेही पुष्कळ केलं. २००४ साली स्किझोफ्रेनियावरचा ‘देवराई’ सिनेमा आला, तो पाहून आल्यावर या घरात आजाराचं नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं, असं त्या सांगतात. पुढे डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेल्या ‘सा’ या संस्थेच्या शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णांची काळजी घेणाऱ्यांच्या, बैठकांना त्या नेमाने जाऊ लागल्या. आता त्यांचेच गुडघे गेलेत. ‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न त्या बैठकांत नेहमी निघतो. या घरात त्याचं उत्तर न बोलता ठरलं होतं. बहिणीचा मुलगा. हिंजवडीत नोकरी, दोन लहान मुलं, घराचा हप्ता आणि एक मामा.

मामा एकटे राहत, पण त्यांच्याभोवती माणसं होती. सकाळी सातला टपरीवर चहा आणि विडी. टपरीवाल्याला माहीत, हे सात-साडेसातपर्यंत आले नाहीत तर वर जाऊन बेल वाजवायची. दुपारचा डबा एक ताई देत. तळमजल्यावर महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई होत्या. रविवारी संध्याकाळी त्या मामांचा आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरून देत आणि न विसरता विचारत, ‘पोट साफ होतंय ना?’ ऐकणाऱ्याला ही चौकशी घरगुती वाटेल. क्लोझापिनमुळे आतड्याची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं, हे बाईंना ठाऊक होतं. महिन्यातल्या पहिल्या सोमवारी लॅबचा मुलगा येऊन रक्त घेई. हे औषध क्वचित कोणाच्या पांढऱ्या पेशी धोकादायक म्हणावं इतक्या खाली आणतं, म्हणून सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढे अंतर वाढवत रक्त तपासावं लागतं. रिपोर्ट माझ्या फोनवर येई, मी डॉक्टरांना पाठवी. यात कुठेही कोणाच्या सहीची गरज पडली नव्हती.

मग सोसायटी पुनर्विकासाला निघाली. सभासदांच्या बैठका झाल्या, बिल्डर ठरला आणि करारनाम्यावर सह्या करायची वेळ आल्यावर कमिटीतल्या कोणाच्या तरी लक्षात आलं की एक सभासद ‘तसे’ आहेत. उद्या त्यांच्या सहीला कोणी आव्हान दिलं तर? बिल्डरच्या वकिलाने सांगितलं, कोर्टातून गार्डियन नेमून आणा. भाचा माझ्याकडे आला तो हे वाक्य घेऊन.

इथे कायद्याची थोडी उजळणी करावी लागते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सोय होती: मालमत्ता असलेल्या मनोरुग्णाची जिल्हा न्यायालय चौकशी करी, त्याच्यासाठी पालक नेमी, मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमी आणि व्यवस्थापकाकडून दरवर्षी हिशेब मागे. त्याच्या जागी आलेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. रुग्णाच्या हक्कांच्या बाबतीत तो जुन्यापेक्षा फार पुढचा आहे, पण मालमत्तेच्या पालकाचं प्रकरणच त्यातून गळालं. त्यामुळे वकील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ कडे वळतात. तिथे ‘मर्यादित पालक’ आहे: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक मुदतीसाठी, आणि त्या माणसाच्या इच्छेला धरून, त्याच्याबरोबर मिळून निर्णय घेणारा. आधीच्या कायद्यांखाली नेमलेले पालकही आता मर्यादितच समजायचे, असंही त्यात म्हटलं आहे. काही कुटुंबं थेट हायकोर्टात जातात.

बँकेत यातलं काही पोचलेलं नसतं. मामांच्या खात्यासाठी भाचा गेला तेव्हा त्याला एका बँकेच्या शाखेत सांगण्यात आलं, कलेक्टर ऑफिसमधून लोकल लेव्हल कमिटीचं सर्टिफिकेट आणा. तिथे गेल्यावर कळलं की ती कमिटी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरतंच तिचं काम, स्किझोफ्रेनिया त्यात बसत नाही. पुन्हा बँक. तिथल्या बाईंनी संगणकाकडे बघत विचारलं, ‘मग तुमचा आजार नक्की कुठल्या कायद्यात बसतो?’ भाच्याने मला हे हसत सांगितलं. त्या दिवशी त्याची अर्ध्या दिवसाची रजा गेली होती.

कोर्टासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. त्याची एक मोजपट्टी आहे. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि कामधंदा यांना गुण देतात, आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर पुढचे दरवाजे उघडतात. दाखल्याच्या दिवशी घरच्यांची फार चमत्कारिक अवस्था होते. एरवी ‘आता खूप सुधारणा आहे’ म्हणणारी माणसं त्या दिवशी माणूस जरा वाईट दिसावा म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करत बसतात. मामा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. सरकारी काम होतं ना.

अर्ज सुनावणीला आला तेव्हा न्यायाधीशांनी मामांना चेंबरमध्ये बोलावलं. मला बरोबर जाऊ दिलं. पहिले प्रश्न नाव, तारीख, वार. मग, ‘फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?’ मामा म्हणाले, ‘माझ्या. एकट्याच्या.’ मग, ‘तुम्हाला कुठे राहायला आवडेल?’ मामांनी थोडा विचार केला. ‘जिथे सातला चहा मिळेल तिथे.’ न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं, हे मी पाहिलं. ऑर्डरमध्ये ते वाक्य अर्थातच आलं नाही. ऑर्डरमध्ये फ्लॅटचा नंबर आला, चटई क्षेत्र आलं, भाच्याला पुनर्विकासाच्या करारापुरता मर्यादित पालक नेमलं गेलं, बिल्डरकडून मिळणारं भाडं मामांच्या खात्यात जमा करून हिशेब सादर करावा असंही आलं. नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत मुदत. चांगली ऑर्डर होती. जमिनीवर पाय असलेले न्यायाधीश होते.

तरी पहिल्या सोमवारचं रक्त कोण घेणार, ते तिच्यात नव्हतं. कुठल्याच ऑर्डरमध्ये नसतं. माझी इतक्या वर्षांची तक्रार हीच आहे: पालकत्वाचा सगळा खटाटोप मालमत्तेच्या दाराशी संपतो. मालमत्तेचा प्रश्न सुटला की आजाराचाही सुटला असं सगळे धरून चालतात, स्वतः पालकसुद्धा.

पालकाला आणखी एक गोष्ट समजावून द्यावी लागते, आणि ती कटू असते. ऑर्डर हातात आल्यावर आठवड्याभरात भाचा म्हणाला, ‘इमारत पडणार, दोन-तीन वर्षं जाणार. तोपर्यंत मामाला चांगल्या पुनर्वसन केंद्रात ठेवू. भाड्याच्या पैशात ते भागेल. आता तर माझ्याकडे पेपर आहे.’ त्याच्या जागी मी असते तर मलाही हेच सुचलं असतं. रात्री दीडला वॉचमनचा फोन घेऊन सकाळी नऊला मीटिंगला बसणाऱ्या माणसाला कोणी स्वार्थी म्हणू नये.

पण त्या पेपरात उपचारांबद्दल चकार शब्द नव्हता. असता तरी मनोविकाराच्या उपचाराला आणि भरतीला २०१७ चा कायदा लागतो, आणि तो आधी रुग्णालाच विचारा म्हणतो. सांगितलेलं समजतं का, हो किंवा नाही म्हटल्याचे परिणाम कळतात का, निर्णय कळवता येतो का, एवढं तपासायचं. त्याचा निर्णय दुसऱ्यांना चुकीचा वाटतो म्हणून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरवता येत नाही. आजार उसळला आणि भरती करावीच लागली, तर अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे रुग्णाने स्वतःसाठी निवडलेल्या माणसाने, करायचा, मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एका तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासायचं, भरती ३० दिवसांपर्यंत, पुरुषाची असेल तर ७ दिवसांत आणि बाईची असेल तर ३ दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. पुनर्वसन केंद्र हीसुद्धा कायद्याच्या भाषेत आस्थापनाच. घरचे नाहीत किंवा घर नाही, एवढ्यावर कोणाला तिथे ठेवून घेता येत नाही.

आणि मामांचा नामनिर्देशित प्रतिनिधी भाचा नव्हता. साध्या कागदावर लिहून सही करायची असते ती, कोर्ट लागत नाही. मामांनी ती कधीच केली होती, नर्सबाईंच्या नावे. भाच्याला हे माझ्याकडूनच कळलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे पैसे मी भरायचे आणि विचारायचं बाईंना?’ याला नेटकं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, ‘मामांना विचारायचं. बाई फक्त तू विचारलंस का ते बघतील.’ चिडून उठून गेला. दोन दिवसांनी त्यानेच फोन केला.

दोन माणसं वेगळी असणं बरं, असं माझं मत हळूहळू पक्कं होत गेलं आहे. जो घर सांभाळतो तोच बहुतेक वेळा पुढचा वारस असतो. तो कितीही सज्जन असो, रुग्णाच्या केंद्रातल्या मुक्कामाचा आणि भाड्याच्या रकमेचा संबंध त्याच्या डोळ्यांपुढे राहणारच. दिव्यांग हक्क कायद्याने हे ओळखलं आहे. मदत करणाऱ्याचे हितसंबंध आड येत असतील तर त्या व्यवहारातून त्याने बाजूला व्हावं, असं तो सांगतो. हितसंबंध पैशाचेच असतात असं नाही. दुसऱ्या एका घरात पालक झालेल्या आईने मला विचारलं होतं, ‘मुलीची पिशवी काढून टाकायची सही आता मी करू शकते ना?’ बाई दुष्ट नव्हत्या, दमलेल्या होत्या. पुण्याला या प्रश्नाचा इतिहास आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद मुली-बायकांवर ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा त्यांच्या वतीने संमती देणारं सरकारच होतं. गदारोळ झाला, शस्त्रक्रिया थांबल्या. आज दिव्यांग बाईच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व आणणारी कुठलीही शस्त्रक्रिया कायद्याने करता येत नाही, पालक कोणीही असो. त्या आईंना मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पाळीच्या त्रासावर गोळ्यांनी भागलं.

मामांकडे परत येते. केंद्राच्या बेताला घरात आणखी एक पाठिंबा होता: तिथे विडी बंद, म्हणजे व्यसनही सुटेल. बहिणीला ते फार आवडलं. हे मी डॉक्टरांच्या कानावर घातलं, ते सहज, पण ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवलं. विडी-सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत क्लोझापिन लवकर निपटून काढतं. मामांचा डोस विडी ओढणाऱ्या माणसाचा होता. विडी एकदम बंद झाली असती तर त्याच डोसात रक्तातली मात्रा वाढत गेली असती. गुंगी, लाळ, प्रसंगी फिट. (तंबाखू चघळणाऱ्यांना हे लागू नाही, कारण ही करामत धुराची, निकोटिनची नव्हे.) विडी सोडायला डॉक्टरांची ना नव्हती. डोस आणि रक्ततपासणी त्या बेताने आखा, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या कामाचं सार मला विचाराल तर मी हे उदाहरण सांगते. विडीची गोष्ट टपरीवाल्याला माहीत, डोस डॉक्टरांना, केंद्राचा नियम भाच्याला. तिघं एकमेकांशी बोलायचं काही कारणच नव्हतं.

मामांचं म्हणणं एकच होतं, केंद्र नको. सगळ्यांना एकत्र बसवलं. भाचा, बहीण, नर्सबाई, आमच्या वकीलबाई, मी आणि मामा. डॉक्टर फोनवर. पुनर्विकासात माणसं विखुरतात याचा हिशेब कोणी केलेला नसतो. बिल्डर प्रत्येकाला भाडं देतो, ट्रकचे पैसे देतो. नर्सबाई चिंचवडला लेकीकडे निघाल्या होत्या, डब्याच्या ताईंना लांब पडणार होतं. मामांचा आजार आटोक्यात होता तो अर्धा गोळ्यांमुळे आणि अर्धा या जिन्यामुळे, आणि जिनाच पाडायचा होता.

बोलता बोलता वाट सापडली ती मामांच्या चहामुळे. टपरी कुठे जाणार नव्हती. मग टपरीपासून चालत जाता येईल अशी खोली शोधायची, असं ठरलं. एकट्या मनोरुग्णाला खोली कोण देणार? आजार सांगितला की नाही म्हणतात, लपवला तर पुढे कळल्यावर बाहेर काढतात. भाच्याने सांगायचं ठरवलं, याचं मला कौतुक आहे. बऱ्याच ठिकाणी नाही ऐकल्यावर एका वयस्क जोडप्याने मागची खोली दिली. त्यांच्या घरातही कोणी एक होतं. भाचा भाडेकरारावर जामीन राहिला. डब्याची नवी सोय झाली. गोळ्यांचा डबा भरायला नर्सबाई रविवारी व्हिडिओ कॉल करतात, मामा त्यांच्यापुढे गोळ्या खणांत घालतात. मामांना हे आधीपासूनच जमलं असतं, असं बाई आता म्हणतात.

सामान हलवायच्या आदल्या दिवशी मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होते: गोळ्या खोक्यात जाणार नाहीत, मामांच्या खिशात राहतील. क्लोझापिन ४८ तासांहून जास्त चुकलं तर जुना डोस परत देता येत नाही, अगदी खालपासून, साडेबारा मिलिग्रॅमपासून चढवत आणावा लागतो, आणि मधल्या आठवड्यांत आजार डोकं वर काढतो. मूव्हर्सच्या खोक्यांवर ‘किचन’, ‘बेडरूम’ असं लिहितात. तो माल उघडायला दोन दिवस सहज जातात. पत्ता बदलल्यावर लॅबने हा भाग आमचा नाही म्हणून हात वर केले. दुसरी लॅब शोधली. पहिला सोमवार चुकला नाही.

नवं सगळं सुरळीत आहे असं नाही. पावसाळ्यात मामा दहा-बारा दिवस खोलीतून बाहेर पडले नाहीत, आवाज वाढले होते, डॉक्टरांनी घरी येऊन पाहिलं. भरतीचा विषय निघाला. मामा म्हणाले, ‘चार दिवस थांबून बघा, नाहीतर येतो.’ भाचा थांबला. मला वाटतं, कायद्यात जे मिळून निर्णय घेणं लिहिलं आहे ते पहिल्यांदा तिथे झालं. सुदैवाने भरती लागली नाही, पण लागली असती तरी मी हेच म्हटलं असतं.

परवा पुनर्विकासाच्या करारनाम्याच्या पुरवणीवर सह्या होत्या. कायद्याने पालकाची सही पुरे होती, पण वकीलबाईंनी मामांना बोलावून मसुदा मराठीत वाचून दाखवला. सातवा मजला, लिफ्ट, बाल्कनी, झाकलेली पार्किंगची एक जागा. मामांनी पार्किंगपाशी थांबवलं.

‘मला गाडी नाही. ती जागा भाड्याने देता येते का?’

भाच्याने वकिलांकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत हे त्याला सुचलं नव्हतं. वकील म्हणाल्या, सोसायटीचे उपविधी बघावे लागतील. बाहेरच्याला बहुधा नाही, सभासदाला देता येईल. मामा म्हणाले, मग तसं लिहून ठेवा, आणि ते पैसे माझ्या हातात द्या, खात्यात नको. भाचा लगेच म्हणाला, हातात नको. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली, आणि पुरवणी पुढच्या आठवड्यावर गेली.